आर्मगारनं वाळवलेले शर्ट

आमच्या गावातल्या फुटबॉलच्या शर्टांना मेंढीचा वास येतो. ही तक्रार नाही. तसं आहे, एवढंच.

शर्ट आर्मगार धुते आणि घरामागच्या वाऱ्याच्या खोलीत वाळत घालते. त्या खोलीच्या भिंती म्हणजे बोटभर फट सोडून ठोकलेल्या फळ्या. समुद्रावरचा वारा एकीकडून शिरतो, दुसरीकडून निघतो. शरदात कापलेल्या मेंढ्या तिथं टांगतात. मीठ नाही, धूर नाही, फक्त वारा. चांगली मांडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टांगलेली राहते. क्वानाविकमध्ये, म्हणजे आमच्या गावात, प्रत्येक घराला अशी खोली आहे. बाहेर दोरीवर कपडे घालायची सोय नाही, ते समुद्रात जातात. म्हणून एका दांडीवर मांड्या आणि दुसऱ्या दांडीवर शर्ट.

"शर्टांना मांसाचा वास लागतो, हे सगळे बोलतात," तिचा नवरा हानुस म्हणायचा. "माझ्या मांसाला साबणाचा वास लागतो, ते कुणी बोलत नाही."

"तुझं मांस युरोपात खेळायला जात नाही," आर्मगार म्हणायची.

हे त्या उन्हाळ्यातलं बोलणं. त्याआधीच्या वर्षी क्वानाविकनं फेरो बेटांचा चषक पहिल्यांदा जिंकला होता आणि त्यामुळे आम्हाला युरोपातल्या सर्वांत धाकट्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा मिळाली होती. आमचा गोलरक्षक शाळेत गणित शिकवतो. कर्णधार टायतुर इलेक्ट्रिशियन आहे. बाकीचे बहुतेक समुद्रातल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला आहेत. एक फेरी जिंकली तरी गावानं नाव काढलं असतं.

मी बाइन्ता. त्या वसंतात मी राजधानीतून, तोर्शाव्हनहून, साहित्याची पदवी घेऊन परत आले होते. नोकरी नव्हती. आईनं एक भांडं परत करायला आर्मगारकडे पाठवलं, तर तिनं भांडं घेतलं आणि माझ्या हातात चिमट्यांची टोपली दिली.

"काय शिकून आलीस?"

"साहित्य."

"म्हणजे काय करायचं?"

"लोकांनी लिहिलेलं वाचायचं. मग त्यावर लिहायचं."

"त्यांनी लिहिलं तेवढं पुरत नाही वाटतं," ती म्हणाली. "बाह्या खाली कर. उलटे घालतेयस."

तेव्हापासून आमची मैत्री. ती सत्तरीची, मी तेवीसची. ती उंच, हाडकुळी, बोलताना समोरच्याकडे न बघणारी. तरुणपणी ती मासे साफ करायच्या कारखान्यात होती. पूर्वी शर्ट धुण्याची पाळी गावातल्या बायका आळीपाळीनं घेत. एका वर्षी एकीनं पाळी चुकवली, दुसरीनं चुकवली, तेव्हा आर्मगारनं पिशव्या उचलल्या. त्या परत कुणी मागितल्या नाहीत.

मॅच तिनं कधीच पाहिली नव्हती.

"मला दुसऱ्या दिवशी दिसते," ती म्हणायची. "गुडघे स्वच्छ असले की समजायचं, हरलेत आणि वर लाजही नाही."

आमच्या क्लबचा अध्यक्ष अइब्योर्न. सॅमनच्या कंपनीत अधिकारी आहे. चांगला माणूस. मैदानावरचा बर्फ स्वतः फावड्यानं काढणारा. त्यानं मला बोलावून सांगितलं, "तुला इंग्रजी येतं. युरोपची पत्रं तू बघ. ते लोक आले की माझ्या शेजारी बस."

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"पत्रांना ते चालतं," तो म्हणाला.

पहिली फेरी एस्टोनियाच्या क्लबशी होती. तिथं बरोबरी झाली. परतीची मॅच आमच्या घरची, पण आमच्या मैदानाला युरोपची परवानगी नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, खुर्च्या लावायच्या कुठं? म्हणून घरची मॅचही तोर्शाव्हनला. आदल्या दिवशी तिथं एक बैठक होते. दोन्ही क्लब आपापले शर्ट, चड्ड्या, मोजे टेबलावर मांडतात. युरोपकडून आलेला निरीक्षक रंग बघतो, आकडे बघतो, कुणाचा रंग कुणाशी गोंधळेल का ते ठरवतो.

आमचे पांढरे शर्ट टेबलावर आले.

निरीक्षक स्लोव्हेनियाचे होते. सभ्य गृहस्थ. त्यांनी उठून खिडकी उघडली. मग दुसरी उघडली. एस्टोनियाच्या माणसानं शर्टाकडे बघितलं, मग टेबलाखाली बघितलं.

"इथं काही मेलंय का?" त्यानं मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "पण गेल्या ऑक्टोबरमध्ये."

अइब्योर्नचे कान लाल झाले.

ती मॅच आम्ही एका गोलनं जिंकली. कॉर्नरवरून टायतुरच्या डोक्याला बॉल लागला, की डोकं बॉलला लागलं, ते अजून ठरलेलं नाही. गाव दोन दिवस झोपलं नाही. तिसऱ्या दिवशी एस्टोनियातल्या वर्तमानपत्राची बातमी आली. त्यांच्या बचावपटूचं म्हणणं होतं की आमच्या जवळ उभं राहणंच अवघड होतं. पुढच्या फेरीत आमची गाठ डेन्मार्कच्या क्लबशी पडली होती. डॅनिश वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली. एकानं चित्र छापलं. अकरा मेंढ्या, पांढरे शर्ट, आणि नाकाला चिमटा लावलेला रेफरी.

डेन्मार्कचं बोलणं आम्हाला वेगळं लागतं. त्यांनी आमच्यावर राज्य केलं, आणि आता घरचा कारभार आमच्याकडे आला तरी सांभाळून घेतल्यासारखं बोलतात. एस्टोनियानं म्हटलं ते आम्ही हसून सोडलं होतं.

अइब्योर्न दुसऱ्या दिवशी आर्मगारच्या स्वयंपाकघरात आला. हातात केक होता. मी तिथंच बसले होते. आर्मगारनं कॉफी ठेवली. त्यानं खिशातून एक डबी काढली. डबीत क्लबचा चांदीचा बिल्ला होता.

"इतकी वर्षं तू क्लबसाठी केलंस," तो म्हणाला. "मंडळाचं म्हणणं आहे, तुझा मान व्हायला हवा."

"काय झालंय?" आर्मगारनं विचारलं.

"काही नाही. मान आहे."

"अइब्योर्न, तू केक आणलास. तुझी आई गेली तेव्हाही तू केक आणला नव्हतास."

त्यानं कप फिरवला. मग बोलला. तोर्शाव्हनमध्ये एक मोठी लाँड्री आहे. तिथं शर्ट यंत्रात धुतात, यंत्रात वाळवतात, कागदात गुंडाळून देतात. डेन्मार्कला जाताना शर्ट तिथून जातील. पुढेही तिथूनच.

"वासासाठी?"

"आपण आता युरोपात खेळतोय, आर्मगार. लोक बघतात."

"लोकांना बघूनही वास येतो का?"

हानुस खिडकीपाशी जाळं शिवत होता. तो हसला. अइब्योर्न हसला नाही.

"मला हे बोलायला आवडत नाहीये," तो म्हणाला. "पण मी त्या खोलीत होतो. निरीक्षकानं खिडकी उघडली तेव्हा मला वाटलं, जमीन फाटावी. पोरांनी इतकं केलं आणि लोकांच्या तोंडी काय, तर वास."

आर्मगार उठली. आतून शर्टांच्या दोन्ही पिशव्या आणल्या. त्याच्या पायाशी ठेवल्या. बिल्ल्याची डबी वरच्या पिशवीत टाकली.

"हा माझा नाही. मी अजून काही सोडलेलं नाही," ती म्हणाली. "केक ठेव. बाइन्ता खाईल."

तो गेल्यावर तिनं कप विसळले. मग वाऱ्याच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. रिकामी दांडी वाऱ्यानं हलत होती.

"त्या मांड्या या बाजूला सरकव," ती म्हणाली. "जागा रिकामी दिसते."

मी संघाबरोबर डेन्मार्कला गेले. शर्ट कागदातून निघाले. त्यांना लिंबाचा वास येत होता. टायतुरनं आपला शर्ट नाकाशी नेला आणि म्हणाला, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय."

"खेळा आता," अइब्योर्न म्हणाला. "आज कुणी काही बोलणार नाही."

खेळाडू बोगद्यातून बाहेर आले आणि सगळं स्टेडियम बें करून ओरडलं. लहान मुलं, बायका, म्हातारे. एका बाजूला लोकांनी मेंढ्यांचे मुखवटे घातले होते. एका मोठ्या फडक्यावर लिहिलं होतं, घरी जा, लोकर कापायची वेळ झाली. आमच्या कुणाच्या पायात बॉल आला की बें. गोलरक्षकानं बॉल पकडला की बें. आम्ही एक गोल केला तेव्हासुद्धा, थोडं थांबून, बें.

आम्ही दोन विरुद्ध एकनं हरलो. तशी ती हार वाईट नव्हती. परतीची मॅच बाकी होती. पण पोरं बसमध्ये कुणाशी बोलत नव्हती. अइब्योर्न पुढच्या सीटवर ताठ बसला होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

बसमधूनच मी आर्मगारला फोन लावला. सगळं सांगितलं.

"वास नव्हता?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही. लिंबू."

"तरी बें केलं?"

"तरी."

फोनवर तिकडे पाण्याचा आवाज येत होता. ती काहीतरी धूत होती.

"मग दुसऱ्याकडे धुवायला का दिले?" ती म्हणाली.



परतीच्या मॅचच्या चार दिवस आधी शाळेच्या हॉलमध्ये क्लबची सभा झाली. आर्मगार क्लबच्या सभेला कधी आली नव्हती. त्या दिवशी आली. ओला कोट काढला नाही, दाराशीच उभी राहिली. अइब्योर्न बस आणि तिकिटं यांबद्दल सांगत होता. त्याचं होऊ दिलं. मग म्हणाली, "मला एक विचारायचंय."

"विचार."

"डोंगरावरच्या मेंढ्यांचा मेंढपाळ कधी बदलतात?"

हॉलमध्ये सगळ्यांना उत्तर माहीत होतं. आमच्या गावात डोंगरावरची मेंढरं सगळ्यांची मिळून असतात. मेंढपाळ गाव नेमतं. तो कसाही निघाला, आळशी निघाला, चिडका निघाला, तरी शरदात मेंढरं खाली आणून कोंडवाड्यात मोजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ज्यानं वसंतात कळप घेतला त्यानंच तो खाली आणायचा. त्यानंतर ठेवा नाहीतर काढा.

"शरदात," अइब्योर्न म्हणाला. "पण हे फुटबॉल आहे, आर्मगार. मेंढरं नाहीत."

"डेन्मार्कमध्ये तर मेंढरंच म्हणत होते. बाइन्तानं ऐकलंय."

हॉल हसला. अइब्योर्न थांबला. त्यानं कागद खाली ठेवले.

"या वर्षीचे शर्ट मी मार्चमध्ये घेतले," आर्मगार म्हणाली. "तेव्हा कुणी नको म्हटलं नाही. तेव्हाही वास होता. चषक जिंकला त्या दिवशीही होता, तेव्हा तू स्वतः टायतुरला मिठी मारलीस. तुझ्या बापाला उन्हाळ्यात मेंढपाळीवरून काढायला निघाले होते, आठवतं? पाय मोडला म्हणून. तो काठी घेऊन याच हॉलमध्ये आला आणि म्हणाला, शरदापर्यंत कळप माझा. आणि त्यानं आणला खाली. लंगडत आणला. मी त्या वेळी कोंडवाड्यात होते. तू खांद्यावर बसलेला होतास कुणाच्या तरी."

अइब्योर्ननं टेबलावरचे कागद सरळ केले.

"शर्ट मला परत हवेत," ती म्हणाली. "शरदापर्यंत ते माझे आहेत. नंतर काय करायचं ते करा."

टायतुर मागच्या बाकावर होता. उठून म्हणाला, "ती वाळवेल ते आम्ही घालू. लिंबाचं नको. मी हरलो तरी चालेल, पण दवाखान्यासारखा वास मारत हरणार नाही."

आमच्याकडे हात वर करून मत देत नाहीत. जो विरोधात असेल त्यानं बाहेर जाऊन उभं राहायचं. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. गावातले बरेच ठराव हवामानामुळेच मंजूर होतात असं हानुस म्हणतो. सगळे बसून राहिले. फक्त अइब्योर्न उठला, टेबलाला वळसा घालून दारापाशी गेला, आर्मगारच्या बाजूनं बाहेर पडला आणि पावसात उभा राहिला. त्याचं मत बदललं नव्हतं आणि ते बदलल्याचं त्याला दाखवायचं नव्हतं.

आर्मगारनं खुंटीवरची टोपी काढली. दार उघडून त्याच्या हातात दिली.

"मोजून झालं," ती म्हणाली. "आत ये आता. आजारी पडशील."

शर्ट तिनं पुन्हा धुतले. आधी लिंबाचा वास घालवायला एकदा, मग नेहमीसारखे. खोलीतल्या मांड्या तिनं हलवल्या नाहीत. उलट शर्टांची दांडी त्यांच्या आणखी जवळ घेतली. मी चिमटे देत होते.

"एवढ्या जवळ?" मी विचारलं.

"वारा कमी आहे," ती म्हणाली. वारा कमी नव्हता.

मॅचच्या आदल्या दिवशी तोर्शाव्हनच्या बैठकीला पिशवी घेऊन ती स्वतः आली. अइब्योर्ननं खुर्ची सरकवून दिली. ती बसली नाही. तिनं शर्ट टेबलावर मांडले. कॉलर सरळ केली, बाह्या सरळ केल्या. या वेळचे निरीक्षक वेगळे होते. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला.

डॅनिश क्लबचा व्यवस्थापक गोरापान, नीटनेटका माणूस होता. त्यानं शेजाऱ्याकडे वळून डॅनिशमध्ये विचारलं, "हा पोशाख आहे की जेवण?" आम्ही शाळेपासून डॅनिश शिकतो हे ते लोक विसरतात.

आर्मगारनं शेवटचा शर्ट मांडला. मग त्याच्याकडे बघून, त्याच्याच भाषेत, शांतपणे म्हणाली, "दोन्ही. पण तुम्हाला वाढणार नाही. उद्या उपाशीच जाल."

मी तिच्याकडे बघत राहिले. त्या क्षणापर्यंत मी तिला सत्तरीची शर्ट धुणारी बाई समजत होते.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. डेन्मार्कचे प्रेक्षक विमानानं येणार होते, त्यांतले निम्मे धुक्यामुळे पोचलेच नाहीत. आमची गावं मात्र बोगद्यांतून, बोटींतून आली. क्वानाविकमध्ये त्या दिवशी फक्त कुत्री उरली असतील. दोन्ही संघ बाहेर आले तेव्हा डॅनिश कोपऱ्यातून बें आलं. बारीक, थोडंसं.

मग आमच्या बाजूनं कुणीतरी बें केलं. हानुस होता. तो फुटबॉल बघत नाही, पण मेंढरांना हाक मारायची त्याला सवय आहे. त्याच्या शेजारच्यानं उचललं. मग रांगेनं. मग सगळं स्टेडियम. डोंगरावरून कळप उतरतो तेव्हा जसा आवाज येतो, हजार घशांतून एकच, तसा तो आवाज होता. डॅनिश खेळाडू उभे राहून ऐकत होते. त्यांचा कोपरा गप्प झाला. आता ते बें आमचं होतं.

पहिला गोल हाफटाइमच्या जरा आधी. फ्री किक धुक्यात गेली आणि जाळीत दिसली. दुसऱ्या हाफमध्ये आमचे लोक त्यांच्या अंगाला चिकटून खेळले. टायतुरनं नंतर सांगितलं, त्यांचा उंच बचावपटू त्याच्यापासून हातभर लांब राहत होता, आणि हातभर जागा म्हणजे टायतुरला खूप होते. दुसरा गोल त्यातूनच आला. दोन शून्य. एकूण तीन विरुद्ध दोन.

वासानं जिंकलो असं मी म्हणणार नाही. गोलरक्षकानं तीन वेळा वाचवलं, ते वासानं नव्हे. पण अंगावर कुणाचा शर्ट आहे हे माहीत असलेली माणसं कशी पळतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आर्मगारनं मॅच पाहिली नाही. ती खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होती. मी धावत सांगायला गेले.

"ऐकलं," ती म्हणाली. "गुडघे कसे आहेत?"

"काळे."

"बरं."

पुढची फेरी तुर्कस्तानच्या मोठ्या क्लबशी होती. तिथं आम्ही चार गोलनं हरलो. उकाडा असा की आमची पोरं पहिल्या हाफमध्येच लाल झाली. आर्मगार सोबत आली होती. तिनं हॉटेलच्या बाल्कनीत शर्ट वाळत घातले, हॉटेलच्या माणसानं येऊन हात जोडले, तिनं मान हलवली आणि चिमटा लावला. घरच्या मॅचमध्ये एक एक बरोबरी झाली. स्पर्धेतून बाहेर पडताना आमचे लोक पुन्हा बें करत होते, आणि तुर्की खेळाडू, हे काय आहे ते न कळून, टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. युरोपातली वर्तमानपत्रं आता कौतुकानं लिहू लागली. समुद्राचा वारा, म्हातारी, मेंढीच्या वासाचे शर्ट. जर्मनीहून एक फोटोग्राफर आला. लोक क्लबला लिहू लागले, वास असलेला खरा शर्ट मिळेल का. पत्रं मलाच उघडावी लागत. सॅमनच्या कंपनीला पाकिटावर आर्मगारचा फोटो हवा होता.

अइब्योर्न बदलला. खोटेपणानं नाही. त्याला खरंच अभिमान वाटू लागला होता, आणि आपण चुकलो हे कबूल करायची हीच वाट त्याला सुचत होती.

तो बोलला शरदात, कोंडवाड्यात. मेंढरं डोंगरावरून खाली आणायचा दिवस होता. सगळं गाव दगडी भिंतीच्या आत होतं, संघही. टायतुर एका मेंढीला शिंगं धरून ओढत होता आणि मेंढी टायतुरला. आर्मगार कानांवरच्या खुणा बघून मेंढ्या वेगळ्या काढत होती. मी चिखलात उभी होते.

अइब्योर्न तिच्याजवळ आला.

"मंडळानं ठरवलंय," तो म्हणाला. "शर्ट तुझ्याकडेच. तुला हवं तोवर. लाँड्री बंद. आणि वाऱ्याच्या खोलीला पाहुण्यांसाठी एक पाटी लावायची."

"कसली पाटी?"

"तुझ्या नावाची."

आर्मगारनं हातातली मेंढी सोडली. ती पळाली.

"उन्हाळ्यात वास येतो म्हणून काढत होतास," ती म्हणाली. "आता वास येतो म्हणून ठेवतोयस. मी धुते कसं, ते कुणी विचारलंय का कधी?"

"आर्मगार, मी चांगल्या मनानं बोलतोय."

"माहितेय. तू वाईट नाहीस." तिनं हात कोटाला पुसले. "शर्ट तुझ्या पडवीत ठेवलेत. सकाळीच. धुऊन, घड्या करून. एक कमी नाही. शरदापर्यंत माझे म्हटलं होतं. कळप खाली आलाय."

"पण आता तुला कुणी जा म्हणत नाहीये."

"म्हणून तर जातेय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात गेले असते तर तू घालवलं असतंस. आता मी जातेय."

आजूबाजूचं ओरडणं, मेंढ्यांचं, माणसांचं, चालूच होतं. टायतुर थांबून ऐकत होता. मला वाटलं, आपण काही बोलावं, तिला थांबवावं, निदान का ते नीट विचारावं. पण ती विचारण्यासारखी दिसत नव्हती. काही राखायचं होतं ते राखून मोकळी झालेली बाई दिसत होती.

"मग शर्ट कोण वाळवणार?" टायतुरनं विचारलं.

"ज्यानं घातले त्यानं. माझ्या खोलीला कुलूप नाही. दांडीवर जागा आहे. पण बाह्या खाली करून घाला, उलटे नकोत." मग ती माझ्याकडे वळली. मी तोंड उघडं टाकून उभी होते.

"बाइन्ता, ती मेंढी धर. माझ्याकडे काय बघतेस? ती निघाली बघ भिंतीवरून."

मी मेंढीमागे धावले.